पँगाँगच्या वाटेची आखणी: किलोमीटर नव्हे, मुक्कामाची उंची मोजावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यातील पाच मित्र, वये 40 ते 52, त्यांतील एकाला रक्तदाबाचे औषध सुरू आहे; स्वतःची सात आसनी पेट्रोल गाडी; सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात 12 दिवसांची रजा. मनालीमार्गे निघायचे, वाटेत सरचूला एक रात्र काढायची, लेह शहरात न शिरता त्याच्या अलीकडच्या कारू गावावरूनच चांग ला या खिंडीकडे वळायचे (‘ला’ म्हणजे खिंड), लडाखमधील पँगाँग तलावाच्या काठी दोन रात्री राहायचे आणि लेह परतीच्या वाटेवर पाहायचे, असा आपला बेत आहे. हा बेत जमेल का, प्राणवायूचे किती डबे बरोबर घ्यावेत आणि गाडी हा चढ पेलेल का, असे आपण विचारले आहे.

हा बेत आहे तसा अमलात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. महाराष्ट्रातून गाड्या घेऊन लडाखला जाणाऱ्या गटांबरोबर मी अनेक हंगाम काम केले आहे, आणि अडचणीत आलेल्या बहुतेक गटांच्या आखणीत एकच दोष मला दिसला. त्यांनी नकाशावर अंतरे मोजलेली होती, परंतु कोणत्या रात्री किती उंचीवर झोपायचे याचा हिशेब मांडलेला नव्हता. दिवसा उंच खिंड ओलांडून खाली उतरणे शरीर सहसा निभावून नेते. त्याच उंचीवर रात्र काढणे मात्र वेगळे असते, कारण झोपेत श्वास मंदावतो, रक्तातील प्राणवायू आणखी घटतो आणि सायंकाळी किरकोळ वाटलेली डोकेदुखी पहाटेपर्यंत उलट्यांवर जाते.

आकडे पाहिले की मुद्दा लक्षात येईल. हवेतील प्राणवायूचे प्रमाण कोठेही गेले तरी सुमारे 21 टक्केच असते. उंचीबरोबर घटतो तो हवेचा दाब. लेह साधारण 3,500 मीटरवर आहे आणि तेथे समुद्रसपाटीच्या सुमारे 65 टक्के दाब असतो. पँगाँगचा काठ सव्वाचार हजार मीटरच्या आसपास आहे. तेथे हे प्रमाण 60 टक्क्यांवर येते आणि 5,360 मीटरच्या चांग लावर जवळजवळ निम्म्यावर. पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य नियम असा की, 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण 500 मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. रस्त्याने प्रवास करताना हा नियम काटेकोर पाळणे अवघड असते, तरी त्याच्या जितके जवळ राहता येईल तितके राहावे.

या कसोटीवर मनालीची वाट कमी पडते. मनाली 2,050 मीटरवर, जिस्पा 3,200 वर आणि सरचू थेट 4,290 वर आहे. 3 ऑक्टोबर 2020 रोजी अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगचा घाट टळतो आणि वेळ वाचतो खरा, पण त्यामुळे मनालीहून सकाळी निघालेला माणूस सायंकाळी सहज सरचूला पोहोचतो, ही त्या सोयीची दुसरी बाजू आहे. सरचूची खरी अडचण तिच्या जागेत आहे. दक्षिणेला 4,890 मीटरचा बारालाचा ला आणि उत्तरेला नकी ला व लाचुंग ला अशा उंच खिंडी असल्यामुळे, रात्री कोणाची प्रकृती बिघडली तर कोणत्याही दिशेने खाली उतरण्यासाठी आधी वर चढावे लागते. तेथून पुढे कारूवरून वळून पँगाँगला जाणे म्हणजे शरीराला सावरण्याची एकही संधी न देता सलग तीन रात्री 4,200 मीटरच्या वर काढणे होय.

श्रीनगरची वाट त्या मानाने सौम्य आहे. श्रीनगर सुमारे 1,600 मीटरवर, कारगिल 2,700 च्या आत आणि त्यानंतर लेह 3,500 वर, अशी चढती भाजणी तेथे आपोआप मिळते. झोजी ला 3,528 मीटरवर आणि पुढे 4,108 मीटरचा फोटू ला लागतो, तरी दोन्ही ओलांडून आपण मुक्कामाला खालीच येतो. जानेवारी 2025 मध्ये सोनमर्गचा बोगदा सुरू झाल्याने गगनगीरजवळचा हिमस्खलनप्रवण टप्पा टळला आहे; झोजी ला खिंडीखालच्या बोगद्याचे काम मात्र अजून सुरू असल्यामुळे खिंड वरूनच पार करावी लागते, आणि तेथे वाहतूक एका वेळी एकाच दिशेने सोडली जात असेल तर त्या वेळा आदल्या सायंकाळी विचारून घ्याव्यात. म्हणून जाताना श्रीनगर आणि परतताना मनाली, हाच क्रम ठेवावा. परतीच्या वेळी शरीर सरावलेले असते आणि तेव्हा सरचूला थांबावे लागले तरी फारसे बिघडत नाही.

आता रजेचा प्रश्न. पुण्याहून श्रीनगरमार्गे लेह एका बाजूने अडीच हजार किलोमीटरांहून अधिक आहे. गाडी दोघे आलटून पालटून चालवणार असतील तरी श्रीनगरला पोहोचायला पाच दिवस धरावेत, कारण जम्मू ते श्रीनगर या टप्प्यात रामबनच्या परिसरात दरडी कोसळून रस्ता तासन्‌तास बंद राहू शकतो. सहाव्या दिवशी कारगिल, सातव्या दिवशी लेह, तेथे पुढच्या दोन रात्री विश्रांती, मग नुब्रा खोरे, पँगाँग आणि पुन्हा लेह असे एकेक रात्रीचे मुक्काम, आणि शेवटी मनालीमार्गे घरी. हा हिशेब 17 दिवसांच्या खाली येत नाही, आणि त्यात राखीव दिवस एकही नाही. 12 दिवसांत हे बसवायचे म्हटले की पहिला बळी लेहच्या विश्रांतीचा जातो आणि दुसरा रात्रीच्या झोपेचा.

स्वतःच्याच गाडीने जाण्याचा आग्रह असेल तर आपल्याकडच्या अनेक गटांनी रुळवलेला एक मार्ग आहे: ज्या दोघांना अधिक रजा मिळते त्यांनी गाडी आधी श्रीनगरला न्यावी, उरलेल्यांनी विमानाने तेथे येऊन त्यांना मिळावे आणि परतीच्या वेळी हेच उलट करावे. त्या दोघांत गाडीचा मालक असलेला बरा, कारण लडाखमध्ये बाहेरच्या भाड्याच्या गाड्या स्थानिक फिरण्यासाठी चालवू देत नाहीत, आणि खासगी पाटीची गाडी असूनही नोंदणी भलत्याच्याच नावावर आढळली तर ती भाड्याची असल्याचा संशय घेऊन वाद घातला जातो. हेही जमत नसेल तर गाडी घरी ठेवून श्रीनगरपासून तेथील चालकासह गाडी घ्यावी आणि लेहपासून पुढे लेहचीच करावी. मित्रांच्या प्रवासातील मौज स्वतः चालवण्यात आहे हे मला मान्य आहे, तरी 12 दिवसांत हा पर्याय सर्वांत शहाणपणाचा ठरतो. त्यात श्रीनगर व कारगिल येथे एकेक, लेहला तीन, नुब्रा व पँगाँगला एकेक आणि पुन्हा लेहला एक रात्र बसवून दोन-तीन दिवस हाताशी उरतात, आणि परतीला लेहहून विमान घेता येते.

लेहमध्ये पोहोचल्यावर पहिला दिवस खोलीत आणि अंगणात काढावा. दुसऱ्या दिवशी ठिकसे किंवा हेमिसचा मठ गाडीने पाहण्यास हरकत नाही, पण जिने सावकाश चढावेत. शरीराची जुळवाजुळव खरोखर होत असते ती या दोन दिवसांत: श्वास खोल होतो, लघवी वाढते, झोप तुटक लागते, आणि यांतले काहीही घाबरण्यासारखे नाही. या काळात मद्य पूर्णपणे टाळावे आणि झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत, कारण दोन्हींमुळे रात्रीचा श्वास मंदावतो. पहिल्या रात्री बाटली उघडल्याशिवाय सहल सुरू झाली असे न मानणारा एखादा मित्र प्रत्येक गटात असतो. त्याच्याशी हे बोलणे पुण्यातच उरकून घ्यावे.

लेहहून थेट पँगाँगला जाण्यापेक्षा आधी नुब्रा करावे, असे मी सुचवतो, आणि त्यामागे निसर्गसौंदर्यापेक्षा उंचीचे कारण आहे. खारदुंग ला 5,359 मीटरवर असला तरी पलीकडे दिस्कित आणि हुंदर 3,100 मीटरच्या आसपास, म्हणजे लेहहूनही खाली आहेत. उंच चढून खाली झोपण्याचा हा उत्तम सराव होतो. दुसऱ्या दिवशी खालसर, अघम, श्योक आणि दुर्बुक या नदीकाठच्या रस्त्याने पँगाँगला जाता येते आणि मध्ये एकही उंच खिंड लागत नाही. या रस्त्याचे काही तुकडे नदीच्या पाण्याने वाहून जातात, त्यामुळे निघण्यापूर्वी दिस्कितमध्ये त्याच सकाळी चौकशी करावी. पहाटे लवकर निघणे येथे महत्त्वाचे आहे. दुपारी ऊन तापले की वरचे बर्फ वितळून ओढ्यांना पाणी चढते. तांगत्से आणि लुकुंग यांच्या दरम्यानचा पागल नाला त्यासाठीच नावाजलेला आहे. ओढा ओलांडण्यापूर्वी पुढची गाडी कोणत्या रेषेत गेली ते थांबून पाहावे आणि पाण्यात शिरल्यावर गिअर बदलू नये.

तलावाच्या काठी आपण दोन रात्री योजल्या आहेत. मी एकच सुचवीन, आणि तीही सर्वांची डोकी शांत असतील तरच. पँगाँगची जागा अशी आहे की, लेहकडे परतण्याची नेहमीची वाट चांग लावरून जाते, म्हणजे काठापासून जवळजवळ 1,100 मीटर वर चढून मगच उतार सुरू होतो. मध्यरात्री ही खिंड गोठलेली असते आणि आजारी माणसाला तेथून नेणे धोक्याचे ठरते. त्यामुळे सायंकाळी चार-पाच वाजता कोणालाही डोकेदुखीसह मळमळ जाणवली, तर रात्र पडण्याची वाट न पाहता सुमारे 3,900 मीटरवरील तांगत्सेला मुक्काम हलवावा. तेथे सरकारी आरोग्य केंद्र आहे, आणि आणखी खाली जाण्याची गरज भासलीच तर तेथून श्योककाठचा रस्ता खिंड न चढता नुब्राकडे उतरतो. तंबूचे आगाऊ भरलेले पैसे बुडतात म्हणून अंगावर काढणारे लोक मी पाहिले आहेत. एका रात्रीच्या भाड्यासाठी इतका धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

कोणती लक्षणे किती गांभीर्याने घ्यायची, हे पाचही जणांना पाठ असावे. डोकेदुखी, तिच्या जोडीला भूक मरणे, मळमळ, थकवा किंवा भोवळ ही उंचीच्या त्रासाची पहिली पायरी होय. अशा वेळी आहे त्याच उंचीवर थांबावे, साधी वेदनाशामक गोळी घ्यावी आणि बरे वाटेपर्यंत वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, कोरडा खोकला वाढत जाणे आणि छातीत घुरघुर ऐकू येणे हे फुप्फुसांत पाणी साचू लागल्याचे चिन्ह असते. बोलणे अडखळणे, भ्रमिष्टासारखे वागणे किंवा टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालता न येणे हे मेंदूला सूज आल्याचे चिन्ह असते. या दोन्हींत तत्काळ खाली उतरणे हाच उपचार आहे. प्राणवायू आणि औषधे उतरताना सोबत द्यायची असतात, उतरण्याऐवजी नव्हे. आजारी माणसाला खोलीत एकटे झोपू देऊ नये.

प्रतिबंधक म्हणून ॲसिटाझोलामाइड हे औषध दिले जाते. प्रौढांसाठी साधारणपणे 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, असे त्याचे प्रमाण असते. ते आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. सल्फा गटाच्या औषधांची ॲलर्जी असल्यास त्यांना तसे आवर्जून सांगावे. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे हे त्याचे नेहमीचे परिणाम आहेत. ज्या मित्राला रक्तदाबाचे औषध सुरू आहे त्याने ते स्वतःच्या मनाने बंद करू नये, आणि निघण्यापूर्वी हा संपूर्ण मार्ग, उंचीच्या आकड्यांसह, आपल्या डॉक्टरांपुढे ठेवावा. लेहला उंचावर रक्तदाब काहीसा वाढणे अपेक्षित असते, म्हणून घरचे यंत्र बरोबर घ्यावे.

प्राणवायूच्या डब्यांविषयी आपण विचारले आहे. दुकानात मिळणारे हलके फवारा-डबे काही मिनिटांत संपतात आणि त्यांचा उपयोग मनाच्या समाधानापलीकडे फारसा होत नाही. त्याऐवजी लेहमध्ये नळी, मास्क आणि मापक यांसह खरा लहान सिलिंडर भाड्याने घ्यावा आणि तो सुरू कसा करायचा हे दोघांनी तरी शिकून घ्यावे. कापराची पुरचुंडी हुंगत राहण्याची आपल्याकडे जी पद्धत पडली आहे, तिच्याने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातील प्राणवायू मात्र वाढत नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर जवळ असावे, पण थंड बोटांवर ते चुकीचे आकडे दाखवते. लेहमध्ये पहिल्या दिवशी 85 च्या आसपास आकडा दिसणे नवलाचे नाही, तेव्हा आपसांत आकड्यांची चढाओढ करण्यापेक्षा त्याच माणसाचा आकडा सकाळ-संध्याकाळ कसा बदलतो आणि तो माणूस जेवतो-बोलतो कसा याकडे लक्ष द्यावे.

डोकेदुखीचे आणखी एक कारण थंडीत हमखास विसरले जाते. बंद तंबूत किंवा खोलीत कोळशाची अथवा गॅसची शेगडी पेटवून झोपल्यास, तसेच बर्फात अडकलेल्या गाडीत काचा लावून इंजिन चालू ठेवल्यास, कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याची लक्षणे उंचीच्या त्रासासारखीच भासतात आणि झोपेत मृत्यू ओढवू शकतो. सप्टेंबरमध्ये पँगाँगला रात्रीचा पारा शून्याजवळ उतरतो, तेव्हा हा मोह होणारच. काठच्या स्पांगमिक गावातील तंबूंपेक्षा पुढच्या मान किंवा मेराक गावातील जाड मातीच्या भिंतींचे घरगुती मुक्काम मला म्हणूनच अधिक पसंत आहेत. तेथे शांतताही जास्त मिळते.

गाडीबद्दल फार काळजी नको. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाला चांग लावर निम्म्याहून थोडीच अधिक हवा मिळते आणि ताकद त्याच प्रमाणात घटते, त्यामुळे चढावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये धीराने जावे लागेल. सात आसनांत पाचच जण बसणार हे चांगले आहे. टपावर मात्र सामान लादू नये. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापून निकामी होतात, म्हणून ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरावे. बाहेरचा दाब घटल्यामुळे टायरमधील हवेचा आकडा काही पीएसआयने वाढलेला दिसतो, तेव्हा हवा लेहमध्ये पहाटे, टायर थंड असताना नीट करावी, खिंडीत सोडू नये. लेहमध्ये टाकी काठोकाठ भरावी. दिस्कितला पंप आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नये. परतताना मनालीच्या वाटेवर कारूनंतर लाहौलमधील तांदीपर्यंत इंधनाची खात्री धरू नये. तांदीच्या पंपावर पुढचा पंप 365 किलोमीटरवर असल्याची जी पाटी प्रसिद्ध आहे, ती आपल्याला उलट्या दिशेने लागू पडते. चढणाऱ्या गाडीला आणि सैन्याच्या ताफ्याला वाट द्यावी. रात्री गाडी चालवू नये.

किरकोळ वाटणाऱ्या काही गोष्टी. आपल्याकडची प्रीपेड मोबाइल जोडणी लडाखमध्ये चालत नाही, म्हणून किमान दोघांकडे वेगवेगळ्या कंपन्यांची पोस्टपेड जोडणी असावी. भारतीय पर्यटकांसाठी सीमाभागात जाण्यासाठी लागणारा पूर्वीचा आंतररेषा परवाना (इनर लाइन परमिट) 2021 मध्ये रद्द झाला असला तरी पर्यावरण शुल्क ऑनलाइन भरून त्याची पावती छापील स्वरूपात जवळ ठेवावी लागते. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ते पुन्हा पाहावेत. काठावर पाणी सुमारे 86 अंशांनाच उकळते, तेव्हा साध्या पातेल्यात डाळभात शिजवण्याच्या भानगडीत पडू नये; कुकर नसेल तर घरचा चिवडा आणि गरम सूप यांवर एक रात्र उत्तम निघते.

आणि तलावाविषयी. सुमारे 134 किलोमीटर लांबीच्या पँगाँगचा साधारण एक तृतीयांश भागच भारताच्या बाजूला आहे. कधीकाळी त्याचे पाणी श्योक नदीला मिळत असे. ती वाट बंद झाल्यापासून पाणी केवळ बाष्पीभवनाने जाते आणि क्षार मागे उरतात, त्यामुळे ते पिण्याजोगे नाही. दुपारी वारा सुटतो आणि पाण्याचे रंग ढवळून निघतात, तर सूर्योदयानंतरच्या तासाभरात ते आरशासारखे स्थिर असते. म्हणजे एका रात्रीच्या मुक्कामात दुपार, सायंकाळ आणि सकाळ तिन्ही पाहून होतात. दुसऱ्या रात्रीने त्यात नवी भर पडत नाही. पाण्यात गाडी घालून चित्रफिती काढण्याचा प्रकार दंडनीय तर आहेच, शिवाय काठची वाळू चाके गिळते. काठावर जमणाऱ्या कुरव पक्ष्यांना वेफर्स खाऊ घालू नयेत, आणि प्लास्टिकचा कचरा लेहपर्यंत परत आणावा, कारण त्या गावांत तो जिरवण्याची सोय नाही.

शेवटचा मुद्दा मित्रांचा आहे, आणि तो आपण विचारलेला नाही. अशा गटात त्रास लपवला जातो तो बहुधा चांगल्या हेतूने; इतरांची सहल आपल्यामुळे बिघडू नये असे प्रत्येकाला वाटते. म्हणून पुण्यात असतानाच तीन गोष्टी ठरवून टाकाव्यात. रोज सकाळी आणि सायंकाळी प्रत्येकाने आपली प्रकृती मोठ्याने सांगावी. डोके दुखत असलेल्याने गाडी चालवू नये. आणि खाली उतरण्याचा निर्णय बहुमताने होणार नाही. पाचांपैकी कोणत्याही एकाने दुसऱ्याविषयी शंका व्यक्त केली की गाडी त्याच क्षणी वळवायची. ज्याला स्वतःला त्रास होत आहे त्याचे मत या बाबतीत विचारात घेऊ नये, कारण प्राणवायूची कमतरता सर्वांत आधी विवेकावरच परिणाम करते. आपल्या गटात 52 वर्षांचे जे मित्र आहेत, त्यांच्या वयामुळे त्यांनाच अधिक त्रास होईल असे गृहीत धरू नये. उंचीचा त्रास वयाची किंवा व्यायामाच्या सवयीची पर्वा करत नाही, आणि रोज धावणारा तरुण मित्र लेहला जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढताना दिसला तर लक्ष त्याच्यावर अधिक ठेवावे.